न्यायमूर्तींचा खोकला

मंगळवारी सकाळी रेडिओच्या टपालात माझ्या नावाचं एक पाकीट आलं आणि त्यातले चार कागद वाचताना मी पहिल्यांदा हसले, हे आधी सांगून टाकते. टाइपरायटरवर बडवलेले कागद. डाव्या कडेला ओळींचे आकडे, कोर्टातल्या जबान्यांना असतात तसे. आमच्याच कार्यक्रमातली चार मिनिटं कुणीतरी ऐकून शब्द न् शब्द उतरवली होती. न्यायमूर्ती थॉर्न : 'त्या काळी शहर पेटलेलं होतं. आमच्यापुढे दिवसाला साठ-साठ खटले यायचे. प्रत्येकाला न्याय देणं हे आमचं कर्तव्य होतं.' त्याखाली ओडेसा प्लेझंट : 'मी, अं, मी तिथं, म्हणजे त्या, ते काय म्हणतात, खाली, खालच्या टेबलाशी बसायची. (श्वास) आणि मला, अं, सगळं ऐकू यायचं.' पुन्हा न्यायमूर्ती, संगमरवरासारखे गुळगुळीत. पुन्हा ओडेसा प्लेझंट, ठेचकाळत. हसले ती त्या कंसातल्या श्वासाला. म्हातारीचा श्वाससुद्धा टाइप केलाय, म्हटलं, काय हौस एकेकाला. चौथ्या कागदाच्या तळाशी निळ्या शाईत दोन-तीन ओळी होत्या. 'न्यायमूर्तींना खोकला आहे. मी त्यांच्या कोर्टात लागले तेव्हापासून आहे, दर तिसऱ्या वाक्याला. तुमच्या कार्यक्रमात ते एकदाही खोकत नाहीत. आपली, मिसेस ओ. प्लेझंट, निवृत्त लघुलेखिका, शहर फौजदारी न्यायालय.'

खोकला मी काढला होता. कॉफीचा कप हातात तसाच राहिला आणि बोटं आपोआप हलली, खोकला काढताना हलतात तशी. हेच माझं काम आहे. माणसं बोलतात ते जसंच्या तसं ऐकवलं तर दोन मिनिटांत लोक रेडिओ बंद करतील. अं, म्हणजे, आपलं, काय ते, हे असं. अर्धं वाक्य टाकून दुसरं उचलायचं, जीभ अडखळायची, थुंकी गिळायची. हा सगळा पालापाचोळा मी वेचून काढते. कॉम्प्युटरवरच्या आवाजाच्या रेघेत 'अं' मला न ऐकता दिसतो, फुगीर, आळशी. खोकला म्हणजे उभा सुळका. दोन्हीकडून कापायचं, शिवायचं, शिवण कळू द्यायची नाही. कुठल्या कॉलेजात शिकले नाही हे. बाविसाव्या वर्षी इथे फरशी पुसायला लागले होते, रात्रपाळीचा माणूस दारू पिऊन झोपायचा, त्याचं यंत्र मी चालवायला शिकले. या बाल्टिमोर शहरात माझ्याइतकी बारीक शिवण कुणाची नाही, असं लोक म्हणतात आणि मी म्हणू देते. प्राध्यापक, डॉक्टर, नगरपालिकेचे साहेब, सगळे माझ्या हाताखालून न्हाऊन-माखून बाहेर पडतात. आणि काळी माणसं? त्यांना मी हात लावत नाही. 'या आवाजाला पोत आहे, जपा तो,' असं मी नव्या मुलांना शिकवते. अस्सल, असा शब्द आहे आमच्यात. एखाद्या काळ्या बाईचा श्वास लागला, शब्द सापडेना, ती तीनदा 'म्हणजे' म्हणाली, की आम्ही गोऱ्या माणसांनी स्टुडिओत एकमेकांकडे बघून मान डोलवायची. वा. काय खरं बोलते.

आणि मी म्हणजे कोण? चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध रस्ते माणसांनी भरले होते तेव्हा, आमच्या ऑफिसनं एक प्रतिज्ञा केली. वंशभेदाच्या विरुद्ध नुसतं असून चालणार नाही, विरुद्ध वागू, वगैरे. चौकट करून भिंतीवर लावली आहे, पाणी प्यायच्या नळाशेजारी. तिचं पहिलं वाक्य माझं. 'ऐकणं हे आमचं काम आहे, आणि आजवर आम्ही नीट ऐकलेलं नाही.' सगळे म्हणाले, मार्नी, काय लिहिलंस. डोळ्यांत पाणी आलं होतं लोकांच्या. माझ्याही. दर गुरुवारी आम्ही आठ जण गोल बसून पुस्तकं वाचत होतो. घराच्या खिडकीत मी काळ्यांच्या हक्कांची पाटी लावली, अजून आहे, उन्हानं विटली आहे. इतकं सगळं केलं आणि सोमवार ते शुक्रवार त्याच खुर्चीत बसून न्यायमूर्तींचे खोकले वेचले.

दुपारभर मी जुने कार्यक्रम काढून ऐकत बसले. वाटलं, एखादा तरी सापडेल ज्यात मी उलट वागले असेन. शाळेतली काळी मुख्याध्यापिका, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. तिचे सगळे 'अं' जागच्या जागी. तिच्यानंतर बोलणारा शिक्षण खात्याचा गोरा पोरगा, तिशीचा, प्रत्यक्षात ततपप करणारा, मला आठवतोय चांगला, इथे एखाद्या पुढाऱ्यासारखा घडाघडा बोलतोय. एक गोरी बाईही सापडली जिला मी धुतलं नव्हतं. डबेबंद शिंपल्यांच्या कारखान्यातली, आमच्या हायलंडटाउन वस्तीतली, माझ्या आईसारखं नाकातून हेल काढणारी. सापडली तेव्हा आधी हायसं वाटलं, म्हणजे हे रंगाचं नाही, गरिबीचं आहे. मग त्या हायसं वाटण्याचीच किळस आली. किती पटकन दार शोधतो माणूस.

आई त्या कारखान्यात तीस वर्षं होती. पोलिश घर, सहा भावंडं, शुक्रवारी मासे, रविवारी चर्च. तिचा हेल असा की शहराबाहेरच्याला दोनदा विचारावं लागे. मी रेडिओत लागल्यावर वर्षाच्या आत माझा हेल मीच कापला, आरशासमोर बसून, बातम्या देणाऱ्या बायकांची नक्कल करत. एकदा आईचा ऑफिसात फोन आला. ज्यानं उचलला तो पोरगा तिची नक्कल करत सगळ्यांना सांगत आला, 'मार्नी, कोण्या कोळणीचा फोन आहे गं.' मी हसले. फोन घेतला आणि रेडिओच्या आवाजात म्हटलं, 'मी नंतर करते.' आई पलीकडून म्हणाली, 'कोण बोलतंय? माझी ट्रीसी कुठाय?' घरी मला ट्रीसी म्हणत. तेव्हा जीभ कापली जाणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, असं मी त्या गुरुवारच्या गोलात एकदा सांगितलं होतं आणि लोकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले होते. हे नाही सांगितलं की तीच आई आमच्या गल्लीत पहिलं काळं कुटुंब राहायला आलं तेव्हा संगमरवरी पायऱ्या घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणाली होती, 'त्यांच्या पोरीशी बोलायचं नाही. त्यांचं बोलणं लागतं जिभेला.' मी नऊ वर्षांची होते. नाही बोलले. ती पोरगी समोरच्या पायरीवर बसून तोंडानं तुतारी वाजवायची, फार छान वाजवायची, आणि मी खिडकीच्या पडद्याआडून ऐकायची. म्हणजे ऐकणं हे काम माझ्याकडे लहानपणापासून आहे.

बातम्या वाचणारा वेंडेल संध्याकाळी निघताना माझ्या टेबलाशी थांबला. आमच्या ऑफिसातल्या तीन काळ्या माणसांतला एक, पन्नाशीचा, टाय लावणारा. मी ते कागद त्याच्यापुढे सरकवले. त्यानं उभ्या उभ्या वाचले आणि परत सरकवले.

'बरं मग?' म्हणाला.

'मला माहीतच नव्हतं रे हे मी करतेय.'

'हो का.'

'तुला माहीत होतं?'

'मार्नी, मी बातम्या वाचतो. दर तासाला माझ्या आधी आणि माझ्या नंतर तुझी माणसं बोलतात. मला कान आहेत.'

'मग बोलला का नाहीस कधी?'

तो कोट चढवत होता. एक बाही घालून थांबला. 'तू भिंतीवर लिहिलंस ना, नीट ऐकलेलं नाही म्हणून? मला वाटलं, चला, आता ऐकेल. वाट बघत होतो.' मग दुसरी बाही घातली. 'आणि खरं सांगू, दर वेळी मीच का सांगायचं? मला बातम्या वाचायचा पगार आहे.'

बुधवारी सकाळी सातलाच येऊन बसले. काय करायचं ते मला स्वच्छ दिसत होतं. असं स्वच्छ दिसलं की समजावं आपण घोडचूक करणार. कार्यक्रमाचं नाव 'खोली क्रमांक सहा'. जुन्या फौजदारी कोर्टातल्या एका खोलीची गोष्ट : तिथे बसणारे न्यायमूर्ती थॉर्न, आता नव्वदीचे, आणि त्यांच्या पायाशी बसून लघुलिपीत सगळं टिपणारी त्या कोर्टातली पहिली काळी लघुलेखिका, मिस ओडेसा. इथे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं नावापुढे 'मिस' लावतात. प्रसारण होऊन गेलं होतं, पण शुक्रवारी दुपारी त्याची कायमची प्रत शहराच्या ग्रंथालयात जमा व्हायची होती. तिथे ठेवलेलं पुढे शंभर वर्षं राहतं, म्हणतात. तर मी मिस ओडेसांना धुवायला घेतलं. एकेक 'अं' उचलला, एकेक श्वास. जिथे त्या शब्द शोधत थांबल्या होत्या तिथली शांतता कापून दोन्ही टोकं जुळवली. अकरा वाजेपर्यंत ती बाई न्यायमूर्तींइतकी घडाघडा बोलायला लागली. मी लॅपटॉप काखेत मारला आणि बसनं तिच्याकडे गेले. बसमध्ये माझा चेहरा कसा असेल ते मला आता कळतं. एखाद्याचं हरवलेलं कुत्रं परत द्यायला निघालेल्या माणसाचा असतो तसा.

मिस ओडेसा म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. ऐंशी ओलांडलेल्या. दार उघडलं तेव्हा मोत्यांच्या कुड्या, इस्त्रीचा झगा, पायात बंद बूट, घरातल्या घरात. 'या, मिस मार्नी,' म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं तुम्ही फोन न करता याल.' टेबलावर लिंबाचा केक कापून ठेवलेला. मी माफी मागायला सुरुवात केली. बसमध्ये घोकली होती. त्यांनी केकची बशी माझ्यापुढे केली, म्हणजे तोंड बंद करणं आलं. मग मी म्हटलं, मी दुरुस्त करून आणलंय, ऐका. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. दोन मिनिटं ऐकलं.

'ही बाई कोण?' त्यांनी विचारलं.

'तुम्हीच आहात, मिस ओडेसा.'

'नाही हो. हिला दम लागत नाही. ही गाडीखाली सापडली तरी वाक्य पुरं करेल.' डोळे मिटलेलेच. 'इथं, त्या शिक्षा झालेल्या गॅस्किन्स पोराच्या आईबद्दल मी बोलते तिथं, मी थांबले होते. किती वेळ?'

'नऊ सेकंद असतील.'

'कुठं गेले ते?'

मी आवाज बंद केला.

'मी तुम्हाला पत्रात लिहिलं होतं का, की मला धुवा?'

'नाही.'

'मी न्यायमूर्तींच्या खोकल्याबद्दल लिहिलं होतं.' आता डोळे उघडले. 'मला धुवू नका. त्याला मळवा. जेवढा मळका होता तेवढाच, वर एक डाग नको. कातरण ठेवता की फेकता तुम्ही?'

ठेवते. सगळी ठेवते, एका कप्प्यात, तारखेप्रमाणे. आणि हा प्रश्न आला तेव्हा मला कळलं की मंगळवारपासून मी याच प्रश्नापासून लांब पळत होते. ते सगळे 'अं', तिचे श्वास, ती प्रतिज्ञा, आईची पायरी, हे सगळं मी आडवं घालत होते, कारण त्या कप्प्यात एक तुकडा होता. मुलाखतीत मी न्यायमूर्तींना विचारलं होतं, ज्यांना तुम्ही शिक्षा दिल्या त्यांतलं कुणी आठवतं का. कार्यक्रमात त्यांचं उत्तर आहे, 'मला नावं आठवत नाहीत.' स्वच्छ, पूर्णविराम. मी लॅपटॉप वळवला आणि पुढचं लावलं. खोकला. मग अजून एक. खुर्ची करकरली. 'एक... अं... एक आठवतं. गॅस्किन्स. लेम्युएल गॅस्किन्स. त्या पोराला मी... मी त्याला जे बोललो ते... (खोकला) ...नाही, ते राहू द्या. पाणी देता का जरा?' मग पेल्याचा आवाज, आणि माझा आवाज, लाडिक, रेडिओचा नव्हे, आमच्या घरचा : 'घ्या, घ्या, सावकाश.'

मी हे का कापलं? त्यांचे हात थरथरत होते. ओठाच्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं. त्यांनी पेला घेताना माझ्या मनगटाला धरलं होतं आणि त्यांची बोटं थंडगार होती. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, कशाला. मला वाटलं, हे माझं सौजन्य आहे. मिस ओडेसांचे नऊ सेकंद मी कार्यक्रमात ठेवले होते कारण ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, आणि न्यायमूर्तींचे कापले कारण ते ऐकून मला त्यांना पांघरूण घालावंसं वाटलं. एकीचं दुःख चांगलं वाजत होतं. दुसऱ्याचं आपलं होतं.

मिस ओडेसांनी तो तुकडा दोनदा लावायला सांगितला. मग बराच वेळ केकचे कण बोटानं गोळा करत राहिल्या.

'तो काय बोलला होता ते मला माहीत आहे,' त्या म्हणाल्या. 'टिपलं होतं मी. बहात्तर साल, ऑक्टोबर. पोरगा सतरा वर्षांचा. वरून त्याच्याकडे वाकून म्हणाला, "तुझ्यासारख्यांना मोकळं सोडायचं म्हणजे कुत्र्याची साखळी सोडायची. वीस वर्षं." जशीच्या तशी टिपली बोटांनी. पण साफ प्रत काढताना आमचा नियम होता, पोरी. न्यायाधीश आणि वकील अडखळले, घसरले, की लघुलेखकानं सावरून घ्यायचं. साक्षीदार आणि आरोपी जसे बोलतील तसे ठेवायचे, 'अं'सकट. लिहिलेला नियम नव्हता. शिकवला होता. त्यात मी पहिली काळी. माझ्या खुर्चीवर सगळ्यांचा डोळा. मी टाइप केलं, "न्यायालय वीस वर्षांची शिक्षा सुनावत आहे." एवढंच. अपील वर गेलं. तिथे काय वाचतात? कागद वाचतात. कागदावर न्यायमूर्ती देवमाणूस आणि पोरगा ततपप.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'शिक्षेच्या चौदाव्या वर्षी आत मेला तो. मी न्यायमूर्तीला धुतला, तू त्याला धुतलास. फरक इतकाच की मला खुर्ची जायची भीती होती. तुला कसली होती?'

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला त्या क्षणी कळलं नाही, कारण माझ्या आत काहीतरी दुसरंच चाललं होतं, आणि ते लिहिल्याशिवाय या सगळ्या लिहिण्याला कवडीचा अर्थ नाही. मला बरं वाटलं. ती बाई पन्नास वर्षांचा दगड उचलून माझ्यापुढे ठेवत होती आणि माझ्या छातीतलं ओझं उतरत होतं. म्हणजे हिनंही केलं. म्हणजे सगळेच करतात. काळ्या बाईनंसुद्धा. शाळेतल्या पोरीला दुसरीलाही छडी बसली की वाटतं तसं, गरम, गोड. मी पुढे वाकून त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात मांडीवर घेतला.

'ते नको,' म्हणाल्या. 'तुझं तोंड बघितलं मी. माझं पाप तुझं ओझं हलकं करायला नाही सांगितलं तुला. मला हे ग्रंथालयात ठेवायचंय. हवेतलं हवेत गेलं, जाऊ दे. पण तिथं ठेवतात ते राहतं. माझ्यानंतर कुणी खोली क्रमांक सहा उघडली तर त्यात तो खोकला पाहिजे.'

गुरुवारी मी आमच्या साहेबांच्या, डगच्या, खोलीत गेले. डग चांगला माणूस आहे. आमच्यात सगळे चांगले आहेत, तीच तर अडचण. प्रतिज्ञेवर पहिली सही त्याची. मी सगळं सांगितलं, तुकडा ऐकवला. गॅस्किन्सच्या नावाला तो खुर्चीत हलला आणि पाणी मागितलं तिथे त्यानं डोळे मिटले.

'नाही गं मार्नी. नव्वदीचा माणूस. हे क्रूर आहे.'

'त्यांनी सगळ्याला लेखी परवानगी दिली आहे.'

'परवानगी आहे, माणुसकी नको का? तो काय बोलला हे तो सांगतच नाही. नुसता खोकतोय.' मग उठून येरझाऱ्या घालायला लागला आणि त्याचा चेहरा उजळला. 'पण ती म्हातारी! तिनंच कागद बदलला? ती स्वतः? अगं, सोनं आहे हे. तिला माईकसमोर बसव. तिच्या तोंडून येऊ दे. त्या काळात काळ्या बाईला काय काय करावं लागलं. लोक रडतील.'

'आणि न्यायमूर्ती?'

'त्यांचं आहे तसं राहू दे. तिच्या कबुलीतून सगळं कळतंच की.'

कळतंच. मला तो कार्यक्रम तिथल्या तिथे ऐकू आला, इतका सुंदर, मीच शिवला असता. न्यायमूर्ती स्वच्छ, आणि एक काळी म्हातारी अडखळत, श्वास घेत, सगळ्या गोऱ्या शहराच्या वतीनं गुन्हा कबूल करतेय. आदल्या दिवशी मला जे गरम गोड वाटलं ते आता प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात. डगला मी हे सांगितलं, याच शब्दांत नाही, वाईट शब्दांत. तो लाल झाला. म्हणाला, 'तू दमली आहेस. चार वर्षं आपण सगळेच प्रयत्न करतोय. एका पत्रानं इतकं हलून जायचं नसतं.' मग दाराशी, हळू आवाजात : 'उद्या ग्रंथालयात जी प्रत मंजूर झाली आहे तीच जाईल. दुसरी गेली तर सोमवारी मला तुझ्याशी वेगळं बोलावं लागेल. मला ते बोलायला लावू नकोस, प्लीज.'

प्रत घेऊन जाणारी मीच. फॉर्मवर सही करणारी मीच. एकतीस वर्षं झाली त्या इमारतीत. दुसरं काही येत नाही मला, आणि पन्नाशी उलटल्यावर खोकले वेचायला कोण ठेवतं? घरी जाऊन मी शहाण्यासारखा विचार करून पाहिला. मिस ओडेसांची कबुली घ्यायचीच नाही, म्हणजे डगच्या हाती ती लागणार नाही, त्यांची बेअब्रू वाचेल. सकाळी फोन करून तसं सांगितलं. मी तुमचं रक्षण करतेय, असा शब्दही वापरला.

त्या म्हणाल्या, 'म्हणजे पुन्हा कापतेस.'

'तुमच्यासाठी—'

'माझं काय ठेवायचं ते तू ठरवणार? न्यायमूर्तीला ठेवतेस, मला काढतेस. पुन्हा तेच आणि वर फुलं.' त्या श्वास घेत होत्या, मला ऐकू येत होता. 'माझं जाणार. पण एकटं नाही जाणार. आधी त्याचं, खोकल्यासकट. मग तुझं. मग माझं. ज्यानं पहिला घाव घातला तो पहिला. दहाला येते मी, माझी भाची सोडेल. आणि कॉफी बरी कर, मागच्या वेळची गटाराची होती.'

दहाला पाच कमी असताना आल्या. निळी टोपी, हातमोजे. वेंडेल बाहेर उभा होता, त्यानं त्यांच्यासाठी दार धरलं, 'मॅडम' म्हणाला, माझ्याकडे बघितलं नाही. डग त्या दिवशी मुद्दाम बाहेरगावच्या बैठकीला गेला होता. चांगली माणसं असंच करतात. मी न्यायमूर्तींचा सगळा तुकडा जागेवर परत बसवला, सगळे खोकले बसवले, आणि त्यांना एकदा पूर्ण ऐकवला. त्या ऐकत असताना बोटं मांडीवर हलत होती, आपोआप, माझी हलतात तशी. मग मी माईक माझ्याकडे ओढला. आयुष्यभर मी त्याच्या या बाजूला बसले आहे. त्या बाजूला गेलं की तोंडात कापूस भरतो हे मला माहीत नव्हतं.

मी सुरुवात केली. 'या कार्यक्रमाच्या संकलनात काही चुका झाल्या. न्यायमूर्ती थॉर्न यांच्या मुलाखतीतला एक महत्त्वाचा भाग कापला गेला होता. आम्हाला त्याची—'

'कोणी?' मिस ओडेसा म्हणाल्या.

मी थांबले. रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा चालू होता.

'कापला गेला, म्हणालीस. कोणी कापला? कोर्टात असलं उत्तर घेत नसत. आपोआप कापला गेला? वाऱ्यानं?'

'माझ्याकडून—'

'तुझ्याकडून कोणी करवून घेतलं?'

'नाही.'

'मग?'

मी पाणी प्यायले. पेल्याचा आवाज आत गेला असणार. पुन्हा सुरुवात केली आणि माझी जीभ सरकेना, आणि सरकली तेव्हा त्यातून रेडिओचा आवाज आला नाही, नाकातून हेल आला, हायलंडटाउनचा. थांबवायला हात गेला तो मी टेबलाखाली दाबून धरला. 'मी, अं, माझं नाव मार्नी, मी... तो भाग मी कापला. मीच. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे हात, म्हणजे, त्यांचे हात थरथरत होते आणि... मला त्यांची दया आली.' इथे मला थांबायचं होतं. वाक्य पुरं झालं होतं, शिवण चांगली बसली असती. मिस ओडेसा माझ्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही, नुसत्या ऐकत होत्या, बत्तीस वर्षं ऐकलं तसं, पुढच्या शब्दाची वाट बघत. 'आणि मिस ओडेसा बोलत होत्या तेव्हा,' मी म्हटलं, 'त्यांना... त्यांना गॅस्किन्सच्या आईबद्दल बोलताना रडू येत होतं. ते मी ठेवलं. कारण मला ते आवडलं. मला त्यांची दया नाही आली.'

त्यांनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले, घडी करून पर्समध्ये ठेवले, खुर्ची पुढे घेतली.

'हं,' म्हणाल्या. 'आता तो माईक इकडे कर.'